चौथा लाल शेरा

माझे काम काय, हे सांगितले की समोरचा माणूस आधी हसतो आणि लगेच जांभई देतो. ही प्रतिक्रिया इतकी नियमित आहे, की तिला निसर्गनियमाचा दर्जा द्यायला माझी हरकत नाही. मी माणसांची झोप मोजते. नगरमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर आमची निद्रा प्रयोगशाळा आहे: दोन खोल्या, दोन खाटा, जाड पडदे आणि पलीकडच्या काचेमागे मी.

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलेल्या मुलीने हे काम का स्वीकारावे, हा प्रश्न आमच्या घरी अजून निकाली निघालेला नाही. माझ्यापुरते उत्तर स्वच्छ आहे. मेंदूतून डोक्याच्या कातडीपर्यंत पोहोचणारा विद्युत संकेत अत्यंत क्षीण असतो. पंखा, मोबाईल आणि भिंतीतल्या वायरिंगच्या गोंगाटातून तो वेगळा काढणे हे निखळ पदार्थविज्ञान आहे; आणि तो वेगळा काढल्यावर हाती लागतो तो एक माणूस. दोन्ही गोष्टी एकाच नोकरीत मिळण्याची सोय मला अन्यत्र आढळली नाही.

दिवाळी अंकाचे अनुभवलेखन हा निवृत्तांचा प्रांत, याची मला जाणीव आहे. माझ्या केसांत अधूनमधून जे पांढरे दिसते तो इलेक्ट्रोड चिकटवण्याचा लेप असतो, वय नव्हे. तरीही संपादकांनी विचारले आणि मी होकार दिला, कारण सांगण्यासारखे एक प्रकरण माझ्याजवळ आहे. ते मला माझ्या यंत्राने दाखवले नाही.

आधी कामाविषयी थोडे. रुग्णाच्या डोक्याला, हनुवटीला, डोळ्यांच्या कडांना आणि पायांना तारा लावायच्या, छातीला पट्टे बांधायचे, नाकाशी नळी ठेवायची आणि मग त्याला अगदी गंभीरपणे सांगायचे, 'आता नेहमीसारखे झोपा.' शिर्डीच्या एका लॉजमालकांनी तारा लावून घेताना आमच्या गादीची जाडी चाचपून ती घाऊक कुठे मिळेल याची चौकशी केली होती. नागापूरच्या कारखान्यातले एक वेल्डर प्रत्येक जोड ओढून बघत होते, 'हा टिकायचा न्हाई ताई,' म्हणत होते, आणि सकाळपर्यंत सगळे जोड टिकले म्हणून जरासे नाराज होऊन घरी गेले. बहुतेक रुग्ण घोरण्यासाठी येतात. विश्वनाथ कार्ले मात्र बोटांमुळे आले.

ते पारनेर तालुक्यातले शेतकरी, वय पन्नाशीच्या पुढे, उंच, ताठ, आणि चेहरा असा की छायाचित्र काढण्याआधी छायाचित्रकारानेच हसावे. वैरणीच्या कुट्टी यंत्रावर कडबा सारता सारता त्यांना झोप लागली होती आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली होती. टाके घालणाऱ्या सर्जनना हे विचित्र वाटले. चालू यंत्राच्या आवाजात माणूस उभ्या उभ्या झोपतो कसा? त्यांनी कार्लेंना आमच्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले आणि डॉक्टरांनी माझ्याकडे.

सोबत पत्नी होती, हिराबाई. ठेंगण्या, वेगवान, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या.

"ह्या झोपेनं आधी नोकरी खाल्ली, आता बोटं खाल्ली," त्या म्हणाल्या. "आता मी तेवढी राह्यलेय."

"कुठली नोकरी?" मी अर्ज भरता भरता विचारले.

विश्वनाथकाका खिडकीबाहेर पाहू लागले. उत्तर हिराबाईंनीच दिले. "मिल्ट्रीची. पहाऱ्यावर झोपले म्हनून घरी धाडलं. माजं लग्न त्याच्या नंतरचं. म्हंजे मला सगळं ठावं हुतं, फसवलं बिसवलं न्हाई कोनी."

"गप की जरा," काका म्हणाले.

"मी गप बसले तर हितं तुमी झोपाल."

लष्करातल्या ज्या शिक्षा गंभीर समजल्या जातात, त्यांची नोंद जवानाच्या कागदपत्रांत लाल शाईने होते. अशा चार नोंदी, म्हणजे चार लाल शेरे, झाल्या की त्याला नोकरीतून कमी करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. काकांच्या चार झाल्या होत्या. पेन्शनला लागणारी वर्षे भरायच्या आत ते घरी आले. ते कुठेही माजी सैनिक म्हणून गणले गेले नाहीत. या भागात सेवा संपवून जवान परततो तेव्हा त्याला फुलांनी मढवलेल्या उघड्या जीपमधून मिरवतात. काका एसटीने उतरले आणि शेताच्या वाटेने घरी गेले.

आता, इतक्या वर्षांनी, त्यांनी लष्करी न्यायाधिकरणात दाद मागायचे ठरवले होते. कारण विचारल्यावर त्यांनी मला सलग अशी पहिलीच वाक्ये ऐकवली.

"आमच्या येशीत बोर्ड लावलाय ताई. गावातल्या आजी-माजी सैनिकांची नावं. माज्याबरूबर भरती झालेले दोघं हायत त्याच्यावर. रोज दूध घालायला त्याच बोर्डाखालनं जातो मी. पंधरा ऑगस्टला सगळे माजी सैनिक पुढच्या रांगेत बसत्यात. मी रानात जातो."

"नाव लागावं, एवढंच?"

"एवढंच," काका म्हणाले, "आन् एक शेरा खोटा हाय. त्येवढा पुसला पायजे." कुठला, ते त्यांनी सांगितले नाही.

रात्रीच्या तपासणीत विशेष काही आढळले नाही. खरी चाचणी दिवसाची होती. ती ऐकायला चैनीची वाटते: दिवसभर दोन-दोन तासांच्या अंतराने रुग्णाला अंधाऱ्या खोलीत आडवे करायचे आणि झोप लागते का, लागली तर किती लवकर आणि कुठल्या प्रकारची, हे पाहायचे. रात्री नीट झोपलेला माणूस दिवसा बराच वेळ छताकडे पाहत पडतो. शिवाय आमच्याकडे एक स्थानिक अडचण आहे. शहराबाहेरच्या लष्करी मैदानावर सराव सुरू असला की तोफांच्या आवाजाने आमच्या खिडक्या थरथरतात. नगरकरांना त्याचे काही वाटत नाही, पण चाचणी हमखास बिघडते.

त्या दिवशी सराव सुरू होता. काच थरथरत होती. काकांनी डोळे मिटले आणि ते झोपले. मी नोंद पुरी करेपर्यंत त्यांना स्वप्नेही पडू लागली होती, हे डोळ्यांकडच्या तारांवरून दिसत होते. दर वेळी हेच झाले.

यातली मेख स्वप्नांत आहे. निरोगी माणूस आधी साध्या झोपेत उतरतो आणि बऱ्याच वेळाने स्वप्नांच्या झोपेत जातो. स्वप्न पडत असताना मेंदू शरीराचे स्नायू बंद करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून पळत सुटेल. काकांच्या मेंदूत ही दोन दारे अदलाबदल झाल्यासारखी होती: जागेपणातून थेट स्वप्नात. या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात. तो आळस नाही, बेपर्वाई नाही आणि निर्धाराने आवरता येत नाही. बहुधा तो ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणजे नेमका भरतीच्या वयात.

मी खूश होते हे मान्य करते. असा स्वच्छ आलेख वर्षानुवर्षे मिळत नाही. मनातल्या मनात मी शोधनिबंधाचे शीर्षकही बेतले होते.

या आजाराचे दुसरे लक्षण डॉक्टरांनी नेमाने विचारले. काही रुग्णांत स्नायू बंद करणारी यंत्रणा जागेपणीही चालू होते, आणि तिचा खटका असतो भावना, विशेषतः हसू. माणूस खळखळून हसतो आणि त्याच क्षणी त्याचे गुडघे, मान, जबडा सैल पडतात. शुद्ध पूर्ण असते, शरीर तेवढे ऐकत नाही. हे लक्षण सापडले तर निदानाविषयी वाद उरत नाही.

"हसताना अंगातली ताकद गेल्यासारखी वाटते का?" डॉक्टरांनी विचारले.

"न्हाई," काका म्हणाले.

डॉक्टरांनी फुली मारली. हिराबाई तेव्हा बाहेर बाकावर बसल्या होत्या. लक्षणे विचारताना नातेवाइकांना बाहेर बसवण्याचा नियम माझा होता. बायकोसमोर पुरुष घोरण्याचीसुद्धा कबुली देत नाही, हे माझे निरीक्षण. त्यावर आधारलेला तो नियम मला अतिशय शास्त्रशुद्ध वाटत असे.

आमचा अहवाल काकांच्या वकिलांकडे गेला. वकीलसाहेब स्वतः लष्करात नोकरी करून निवृत्त झालेले, छावणीजवळ राहणारे गृहस्थ. दोन-चार दिवसांनी ते प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी मला त्यांची अडचण समजावून सांगितली. ते इतके मुद्देसूद बोलले, की मला माझे प्राध्यापक आठवले.

"तीन शेरे पहाऱ्यावर झोपल्याचे आहेत. ते तुमच्या अहवालाने समजावून सांगता येतात. पण सरकारी बाजू म्हणेल, आजार आज आहे. तो तेव्हा होता कशावरून? नोकरी सुटल्यावरही झाला असेल. आणि चौथा शेरा झोपेचा नाही."

"मग कशाचा?"

"दारू पिऊन परेडवर पडल्याचा. त्याबद्दल विश्वनाथ एक शब्द बोलत नाहीत. 'तेवढा वाचू नका' एवढेच म्हणतात. मी नाही वाचला म्हणून समोरचा वाचणार नाही का? आणि दारूवर कुठलाही आजार चालत नाही."

म्हणजे खोटा शेरा तो हा. मी त्यांना सांगितले की त्यात माझे यंत्र काही करू शकत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या दारूचा आलेख काढायची सोय अजून झालेली नाही.

पुढच्या भेटीला काका-काकू गोळ्यांचा परिणाम सांगायला आले. डॉक्टर यायचे होते. हिराबाई आमच्या परिचारिकेला सांगत होत्या, की त्यांच्या सुनेने यूट्यूबवर बघून पुरणपोळी केली आणि ती तव्यावरून थेट गोठ्यात गेली. म्हशीनेही आधी तिच्याकडे आणि मग सुनेकडे पाहिले. परिचारिका हसत सुटली. मीही. काका मात्र उठले, दाराबाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हसणे ओसरल्यावर परत येऊन बसले. जरा वेळाने हिराबाईंनी आणखी काही सांगितले, आणि काका पुन्हा उठले.

मला चाचणीच्या दिवशीचे आठवले. त्या दिवशीही, दोन झोपांच्या मधल्या वेळात हिराबाईंच्या गप्पा चालू असताना, ते असेच उठत होते. मी ती चुळबूळ समजले होते. आता क्रम लक्षात आला: प्रत्येक वेळी ते विनोदाच्या आधी उठत होते. गोष्ट रंगात येऊ लागली, की उठायचे.

"काकू, काका हसत का नाहीत?" मी विचारले.

हिराबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी विचारले होते की दूध पांढरे का असते.

"हसले की पडत्यात ना."

"पडतात म्हणजे?"

"म्हंजे पडत्यात. मान जाती, गुडघं जात्यात. नवं लग्न झालं तवा दोनदा पडले. एकदा तर माज्या बहिनीच्या ताटात. तवापासनं घरात कोनी हसवत न्हाई. तेबी हसत न्हाईत. सवय झाली आता."

"पण आम्ही विचारलं होतं! डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं होतं, हसताना ताकद जाते का. काका नाही म्हणाले."

"खरंच हाय की," काका दारातून म्हणाले. "मी हसतच न्हाई."

"आन् तुमी त्यांना विचारलं," हिराबाई म्हणाल्या. "मला कुटं विचारलं? मला भाईर बाकावर बशिवलं."

आमचा प्रश्न काटेकोर होता. उत्तर प्रामाणिक होते. दोन्ही मिळून निष्पन्न झाले ते साफ चुकीचे होते. प्रयोगशाळेत असे घडले की उपकरणाला दोष देता येतो. येथे तीही सोय नव्हती.

आता हे लक्षण प्रत्यक्ष नोंदवणे भाग होते, म्हणजे काकांना हसवायला हवे होते, तेही कॅमेऱ्यासमोर, तारा लावून, आणि डॉक्टर रबरी हातोडी घेऊन तयार असताना. त्या क्षणी गुडघ्यावर हातोडी मारली आणि पाय उडाला नाही, तर स्नायू खरोखर बंद आहेत हे सिद्ध होते. ढोंगी माणसाला ते साधत नाही.

काका तयार होईनात. "लोकांनी बघितलं तर म्हनतील, पिला हाय."

"इथे लोक नाहीत. आम्ही आहोत," मी म्हणाले.

"तुमीच लिवनार की पुन्यांदा."

हे मला लागले, कारण त्यात तथ्य होते. त्यांच्याबद्दल आजवर ज्यांनी ज्यांनी लिहिले, ते सगळे आपापल्या परीने पाहूनच लिहिणारे होते. अखेरीस त्यांनी हिराबाईंकडे पाहिले. हिराबाईंनी मान हलवली आणि ते खुर्चीत बसले.

डॉक्टरांनी एक विनोद सांगितला. डॉक्टर हसले. दुसरा सांगितला, त्यात एक पात्र इंग्रज होते आणि शेवट त्यांना स्वतःला आठवेना. आलेखावर काकांचे स्नायू लोखंडासारखे ताठ होते. वर्षानुवर्षांची तालीम होती ती.

"सरा बाजूला डॉक्टरसायब," हिराबाई म्हणाल्या आणि पदर खोचून समोर बसल्या. "काष्टीच्या बाजाराचं सांगू का वो ह्यांना?"

"नगं," काका म्हणाले. पण ओठाचा एक कोपरा हलला, तो मी पडद्यावर पाहिला.

शहरी वाचकांसाठी सांगते: जनावरांच्या बाजारात जुनी माणसे तोंडाने भाव करत नाहीत. दलाल आणि मालक रुमालाखाली हातात हात घेतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही.

"बैल इकायला गेल्तो आमी," हिराबाई म्हणाल्या. "दलालानं रुमाल टाकला, ह्यांचा हात धरला, बोटं दाबली. हे गप. त्यानं अजून एक बोट दाबलं. हे गप. मान खाली, डोळं मिटल्यालं. दलाल म्हनतो, गडी लई आतल्या गाठीचा हाय! अजून वाढवलं. तरी गप. बघायला मानसं गोळा झाली. एक म्हनला, ह्येला म्हनत्यात इकनारा, तोंडावरची माशी हालंना! दलालाला फुटला घाम. शेवटी हात जोडून म्हनला, पाटील, आता तरी हूं म्हना. आन् हे…"

"हिरे," काका म्हणाले.

"…हे घोरले!"

काकांच्या छातीतून आधी एक खरखर आली, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दारासारखी. चेहरा हसण्यासाठी फाकला, आणि हसू पुरे व्हायच्या आत कुणीतरी दोरी कापल्यासारखा जबडा सुटला, मान छातीवर आली, हात खुर्चीबाहेर लोंबले. परिचारिकेने खांदे धरले. डॉक्टरांनी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. नाही. माझ्यासमोर मेंदूचा आलेख जाग्या माणसाचा होता आणि स्नायूंच्या ओळी सपाट.

क्षणभराने त्या ओळी परत उठल्या. काकांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होते, हसण्याचे की कसले हे माझ्या उपकरणांच्या कक्षेबाहेर आहे.

"त्या दिवशी परेडवर हेच झालं," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळे सांगितले. त्यांच्या तुकडीतला एक जवान सुभेदारसाहेबांची हुबेहूब नक्कल करायचा, विशेषतः त्यांच्या खाकरण्याची. परेडवर तो काकांच्या मागे उभा होता. साहेब समोर येऊन खाकरले आणि मागून, अगदी बारीक, तसाच आवाज आला.

"हसू आत दाबलं मी. आतल्या आत फुटलं आन् खाली गेलो. सगळं ऐकू येत हुतं. 'पी के आया है ये' म्हनले, तेबी ऐकलं. न्हाई पिलो म्हनायचं हुतं. तोंड हालंना. हाललं तवा उशीर झाल्ता."

"नंतर का सांगितलं नाहीत?" डॉक्टरांनी विचारले.

"काय सांगू? सायबाला हसलो म्हनून पडलो? त्या गड्याचं नाव आलं असतं, आन् मला पाचवा शेरा. तवाच ठरवलं. हसायचं न्हाई."

हिराबाई उठून उभ्या राहिल्या. चौथा शेरा दारूचा आहे, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हते. "दारूचा शेरा?" त्या म्हणाल्या. "ह्या मानसावर? खोकल्याचं औषध घेतलं तर देवाला हात जोडून घेत्यात, हे? आन् एवढी वर्सं मला बोलला न्हाईत?"

"तू हसली असतीस," काका म्हणाले.

"हसले असते तर काय झालं असतं?"

"मग मीबी हसलो असतो."

पुढचा पेच वकीलसाहेबांनी त्याच संध्याकाळी मांडला. आजार नोकरीतच सुरू झाला, याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तो चौथा शेराच. हसण्याच्या क्षणी, शुद्धीत, उभा माणूस कोसळणे: त्या शेऱ्याला दारूचे नाव होते, पण वर्णन आजाराचे होते. झोपाळू माणसे जगात पुष्कळ असतात; असे पडणारी फार थोडी. म्हणजे जो शेरा लपवण्यासाठी काका धडपडत होते, तोच आता भर न्यायाधिकरणात मोठ्याने वाचायला हवा होता. आणि न्यायाधिकरणाने विश्वास ठेवला नाही, तर गावात आजवर फक्त 'झोपाळू' म्हणून माहीत असलेला माणूस 'दारुडा' ठरणार होता.

हिराबाईंनी निर्णय दिला. "वाचा वकीलसायब. मोठ्यानं वाचा. आन् मला तिथं बसू द्या."

सुनावणीला मला कुणी बोलावले नव्हते. मी रजा टाकून गेले. कुतूहल हे रजेचे कारण म्हणून अर्जात लिहिता येत नाही, म्हणून 'घरगुती काम' असे लिहिले. दाद मागायला इतकी वर्षे का लागली, हा विलंबाचा मुद्दा झाला, मग वकीलसाहेबांनी तो शेरा वाचला. काका सावधानच्या पवित्र्यात उभे होते. सरकारी वकील तरुण आणि हुशार होत्या. त्यांनी विचारले, "नार्कोलेप्सी असलेला माणूस दारू पिऊ शकत नाही, असे शास्त्र म्हणते का?" प्रश्न अचूक होता, त्यांच्या जागी मीही तोच विचारला असता. वकीलसाहेब म्हणाले, "नाही. पण त्या दिवशी दारूची तपासणी झाल्याचे शास्त्र कुठे आहे? वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नेल्याची नोंद नाही. पडलेला माणूस दिसला आणि कारण गृहीत धरले गेले."

न्यायाधिकरणाने आमच्या अहवालावर विसंबून निकाल दिला नाही, आणि हे मला पटले. त्यांनी लष्करी डॉक्टरांच्या मंडळाकडून नव्याने तपासणी करवली. तिथेही काकांना हसवावे लागले. काष्टीचा बाजार दुसऱ्यांदा चालला नाही म्हणे; हिराबाईंनी दुसरी गोष्ट काढली. कोणती, ते मी अनेकदा विचारले. "ती मिल्ट्रीची गोष्ट हाय," त्या म्हणतात, "भाईर सांगायची न्हाई."

मंडळाचा निष्कर्ष आमच्याशी जुळला. आदेशाचा सारांश असा: चौथा शेरा रद्द, शिक्षेमुळे झालेली सेवासमाप्ती आता वैद्यकीय कारणास्तव झाली असे समजावे; म्हणजे काका आता माजी सैनिक. झोपेचे तीन शेरे कागदावर तसेच राहिले. काका म्हणाले, "राहू द्या. झोपलो हुतोच की."

विजयाच्या भरात मी एक प्रश्न टाळत होते, तो इथे लिहून ठेवते. त्या दिवशी परेडवर ज्याने शेरा लिहिला, त्याने काय चूक केली? त्याने जे दिसले ते लिहिले. माझ्याजवळ यंत्र होते, प्रश्नावली होती, पदवी होती, आणि तरीही पहिल्या फेरीत माझ्या अहवालात 'लक्षण नाही' असेच लिहिले गेले होते. फरक इतकाच, की माझ्या बाकावर बाहेर हिराबाई बसल्या होत्या. आता आम्ही सोबत आलेल्या माणसाला वेगळे बसवून विचारतो, आणि रुग्णाला 'हसताना काय होते' याआधी विचारतो, 'शेवटचे कधी हसलात?' उत्तर देताना लोक जितका विचार करतात, तो पाहून मी थोडी अस्वस्थ होते.

शोधनिबंध अजून झालेला नाही. चित्रफितीसाठी परवानगी मागितली तेव्हा काका म्हणाले, "हसताना दाखवा. पडताना नगं." मी ती फीत पुन्हा पुन्हा पाहिली. कुठून कापायची ते मला ठरवता आले नाही. त्यात हसणे आणि पडणे यांच्यामध्ये जागाच नाही. फीत कुलपात आहे. माझ्या पुढच्या नोकरीच्या अर्जात एक ओळ कमी भरेल, आणि मला ती सलते, हेही खरे आहे.

सव्वीस जानेवारीला मी त्यांच्या गावी गेले. फलकावर शेवटी एक नाव नव्या रंगात होते. इतर नावांपेक्षा अंमळ उजळ, त्यामुळे लांबूनही तेच आधी वाचता येत होते. गावाने उघडी जीप आणली होती. काकांनी जीपमध्ये बसायला नकार दिला आणि ते फलकाखालून चालत आले, रोज दूध घेऊन जातात तसे. पुढच्या रांगेत त्यांची खुर्ची होती. शेजारी त्यांच्याबरोबर भरती झालेले एक हवालदार बसले होते, मागे हिराबाई, आणि हिराबाईंशेजारी मी.

सरपंचांचे भाषण सुरू झाले. शौर्य, त्याग, मातीचे ऋण, सगळे क्रमाने येत होते. ते लांबत चालले तसे हवालदार काकांकडे झुकले, गळ्यातला रुमाल काढून त्यांनी तो दोघांच्या हातांवर टाकला आणि हळूच म्हणाले, "विशा, सरपंच कितीला बसत्यात बघू का?"

काकांचे खांदे हलले. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडला होता, पण हे गोळ्यांच्याही आवाक्याबाहेरचे होते. मान छातीवर आली, हात सुटले, आणि ते खुर्चीतून कलू लागले. हवालदारांनी खांदा पुढे केला आणि त्यांचा भार तिथे टेकवून घेतला. लोक उठून पाहू लागले. सरपंच भाषण थांबवून माईकवरच म्हणाले, "काय झालं? काय झालं त्यांना?"

हिराबाई उठल्याही नाहीत.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "हसत्यात ते. थांबा जरा."

आणि गाव थांबले.